फुकटचं कोल्हापूर आणि आप्पांची माणसं

मुंबई-पुण्याची माणसं कोल्हापूरला येतात, तांबडा-पांढरा ओरपतात आणि ‘काय स्वस्त आहे हो तुमचं गाव’ म्हणून निघून जातात, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. स्वस्त तुम्हाला. चंदगड तालुक्यातल्या आमच्या वाडीवरून पहाटेची एसटी धरून जो कोल्हापुरात उतरतो, त्याला विचारा. स्टँडबाहेर पाऊल टाकलं की रिक्षावाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे आपल्याच खिशाकडे बघताहेत असं वाटायला लागतं. आमच्याकडून माणूस कोल्हापूरला जातो तो दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, नाहीतर लग्नाच्या बस्त्यासाठी, आणि कशालाही गेला तरी रिकामा होऊनच परत येतो. म्हणून आमच्या लोकांनी एक रीत पाडली आहे. भाकरी घरून बांधून घ्यायची, आणि कामातून वेळ उरला तर शहरात जे फुकट बघायला मिळतं ते पोटभर बघून घ्यायचं.

त्या रीतीप्रमाणे गेल्या माघात मी माझ्या वडिलांबरोबर, आप्पांबरोबर, एक अख्खी दुपार फुकटचं कोल्हापूर बघितलं. त्या दुपारी आम्ही दोघांनी एकच गाव बघितलं असं मात्र मला म्हणता येणार नाही.

मी गडहिंग्लजला दिलेली. तिथं ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं माझं छोटं दुकान आहे. या धंद्यामुळे एक खोड लागली आहे, माणसाच्या तोंडाआधी मला त्याचं कापड दिसतं. आई आषाढात गेली. त्यानंतर आप्पा माझ्या भावाच्या घरीच, म्हणजे गावातच, राहत होते. दिवाळीपासून भाऊ फोनवर सांगायचा, आप्पा धडपडतात, दारातल्या माणसाला ओळखत नाहीत, आणि जेवताना भाताचा एक ढीग काढून उंबऱ्याजवळ ठेवतात. भाताचं मी मनावर घेतलं नाही. बायको गेलेल्या माणसानं दोन घास बाजूला काढले तर काय बिघडलं? डोळ्यांचं मात्र बघायला हवं होतं.

कोल्हापुरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळी नंबर लागला. थेंब घालून त्यांच्या बाहुल्या मोठ्या केल्या, यंत्रासमोर हनुवटी ठेवायला लावून फोटो काढले, आणि मोठ्या डॉक्टरीणबाई दुपारनंतर बघतील, तोवर फिरून या, असं काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं. आत बसायला जागा नव्हती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. थेंबांमुळे आप्पांना उजेड सोसवेना, म्हणून दवाखान्यानं दिलेला काळा चष्मा त्यांनी लावला आणि म्हणाले, “चल. भवानी मंडपात बसू. तितं बसायला कोण पैसं मागत न्हाय.”

मंडपाच्या दगडी सावलीत गारवा होता. पायरीवर टेकलो. पर्यटक कमानीसमोर उभे राहून आपापले फोटो काढत होते. आप्पा त्यांच्याकडे बघतच नव्हते असं मला वाटलं. त्यांनी मान एका बाजूला वळवली होती, जणू भिंतीशी काही बोलायचं आहे. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“जरा सरक की. त्या बाईला टेकू दे.”

मी सरकले. सरकून वर बघितलं तर समोर कोणी नव्हतं. पायरी मोकळी, खालची फरशी मोकळी. म्हटलं, खांबाला बाई समजले असतील. पण खांब आमच्या मागे होता. माझ्या आणि आप्पांच्या मधली ती रिकामी जागा तशीच राहिली, आणि खरं सांगते, मला परत तिकडे सरकावंसं वाटलं नाही.

मग देवीला गेलो. रांगेत उभं राहायची त्यांची ताकद नव्हती, म्हणून लांबूनच मुखदर्शन घेतलं. आमच्या घरात अंबाबाईला डोळे भरून बघितल्याशिवाय कोल्हापूर सोडत नाहीत. मी हात जोडून डोळे मिटले. उघडले तर आप्पा तिथंही मान वाकडी करून उभे. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मागचे लोक ‘आजोबा, चला पुढं’ म्हणून ओरडायला लागले, तरी हलेनात. शेवटी मी दंड धरून बाहेर आणलं.

“दिसली का नीट?” मी विचारलं.

“मुकुट दिसला. फुलं दिसली. खालची साडी हिरवी हाय न्हवं?”

“व्हय. आणि तोंड?”

आप्पांनी चपला पायात सरकवल्या. मला रागच आला. एवढ्या लांबून आलो, देवी समोर होती, आणि हा माणूस बाजूला कुठं बघत होता? तसं मी बोलूनही दाखवलं. ते ‘बरं’ एवढंच म्हणाले.

तिथून खासबाग मैदान जवळच. कुस्ती असली की त्या मैदानात शिरायला जागा नसते, आणि नसली की कोणी फिरकत नाही. दार उघडं होतं. आत गेलो. मधोमध तांबड्या मातीचा आखाडा, आणि त्याच्याभोवती गोल, वर वर चढत गेलेल्या बसायच्या जागा. भर दुपारची वेळ. माणूस नाही, कावळा नाही. बाहेरच्या रस्त्याची गडबडसुद्धा आत येत नव्हती. कुठंही बसा, मातीतल्या पैलवानाचा पाय कुठं आहे ते दिसतंच, असं ते मैदान बांधलेलं आहे. एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत आपण दोघंच आहोत, हे मला मानेवर जाणवत होतं.

आप्पा दोन पावलं पुढं गेले आणि थबकले. चष्मा काढला. इतका वेळ उजेडाला भ्यालेला माणूस टक लावून वरच्या ओळी बघायला लागला. मग हळूच मला म्हणाले, “आज मैदान हाय काय गं?”

“न्हाय की. का?”

“न्हवं, एवढी माणसं.”

मी चहूकडे बघितलं. ऊन, दगड, गवत.

“कुठं आहेत माणसं?”

“ही काय बसल्यात की. वरपतोर.” त्यांनी हात गोल फिरवला. “खच्चून भरलंय. पर आवाज न्हाय. एवढी माणसं आन् कोण खोकत बी न्हाय.”

त्यांचा आवाज शांत होता, बाजारात किती गर्दी आहे ते सांगावं तसा. त्यामुळेच माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कपडे कसले घातलेत? खोड जात नाही, ती अशी. आप्पांनी पटापट सांगितलं. या बाजूला पागोटी, काही पिवळी, काही लाल. एकाच्या अंगरख्याला खांद्यावर ठिगळ, ठिगळाचा दोरा पांढरा. एका म्हातारीच्या नाकात नथ, नथीतला एक मोती नाही. जो माणूस सकाळपासून माझ्या हातातली पिशवी कुठली आणि पदर कुठला हे चाचपून बघत होता, तो शंभर हातांवरचा टाका सांगत होता. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि जवळजवळ ओढतच बाहेर रस्त्यावर आणलं. दारातून बाहेर पडताना आप्पांनी मागं वळून नमस्कार केला.

रंकाळ्यापर्यंत चालत गेलो. माझ्या डोक्यात एकच चक्र चाललं होतं. आप्पांना वेड लागायला लागलंय. भावाला कळलं की तो भावकीला विचारणार, भावकी देवरशाकडे नेणार, देवरशी धूप घालून, निंबाच्या फोकानं झोडपून बाधा काढणार. आमच्या पलीकडच्या वाडीत एका म्हातारीची अशी बाधा काढली होती. त्यानंतर ती फार दिवस जगली नाही.

तलावाच्या काठावर कठड्याजवळ सावली बघून भाकरी सोडली. भेळेच्या गाड्या अजून लागल्या नव्हत्या. पाण्यात अर्धा बुडालेला संध्यामठ तेवढा समोर उभा होता, आणि पलीकडच्या काठावर तो बंद पडलेला राजवाडा. वारा नव्हता. पाणी हलत नव्हतं. आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर झुणका ठेवला, आणि तो कठड्यावर आमच्यापासून हातभर अंतरावर ठेवला.

“घ्या पावणं,” असं ते त्या रिकाम्या कठड्याला म्हणाले.

आता मात्र माझा धीर सुटला. “आप्पा, कोण आहे तिथं? खरं सांगा. माझी शपथ आहे.”

त्यांनी तोंडातला घास संपवला. मग त्यांनी सांगितलं.

पितृपंधरवड्यात गेलेल्या माणसांना जेवू घालायचं, त्याला आमच्याकडे म्हाळ म्हणतात. आईचा पहिला म्हाळ घातला त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पांना अंगणात एक बाई दिसली. अनोळखी, गप्प, हातात पितळी तांब्या. मग दोन पोरं. मग एका सकाळी गोठ्यापासून विहिरीपर्यंत रांग. आप्पांनी आपल्या परीनं त्याचा अर्थ लावला. ज्यांचा म्हाळ कोणी घालत नाही अशी माणसं जेवायला आमच्या दारी आली आणि परत गेलीच नाहीत. दारात आलेल्याला उपाशी कसं ठेवायचं? म्हणून तो भात. आणि ती कोणाला त्रास देत नव्हती. बोलत नव्हती, मागत नव्हती. गावात होती, एसटीत होती, कोल्हापुरात तर फारच होती.

“भ्या वाटत न्हाय तुमाला?”

“पयलं वाटलं. आता न्हाय. उलटं बरं वाटतंय. त्यास्नी तोंड तरी हाय.”

मला कळलं नाही. मी विचारलं, तोंड म्हणजे?

आप्पांनी माझ्याकडे मान वळवली, आणि मग सवयीनं ती बाजूला फिरवली. “तुला तोंड न्हाय, पोरी. केस दिसत्यात, कान दिसतोय, पदर दिसतोय. मधी काय बी न्हाय. धुरळा. पोराला न्हाय, सुनंला न्हाय. इतं रस्त्यानं येवढी लोकं गेली, एकाला बी न्हाय. देवीला बी न्हवतं. आवाजावरनं वळखतोय मी तुमाला. आन् ह्या सगळ्यास्नी हाय. डोळं, भिवया, दात, सगळं लख्ख.”

पाच महिने त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं आणि मला पत्ता नव्हता. मंदिरात मी त्यांच्यावर खेकसले होते. मला इतकं वाईट वाटलं की समोरचा घास कडू झाला.

“मग डॉक्टरीणबाईंना सांगू या हे,” मी म्हटलं.

आप्पांनी एकदम माझं मनगट पकडलं. म्हातारा झाला तरी नांगर धरलेला हात. “न्हाय सांगायचं. औषध देतील आन् ही समदी जातील. एवढी लोकं आली, तुजी आई न्हाय आली अजून. रोज बघतोय मी. एकेकाचं तोंड बघतोय. तिचं ध्यानात ऱ्हाईना झालंय माझ्या. आधारकार्डावरचा फोटू हातात घेतो, तर त्यात बी धुरळाच. येकडाव दिसू दे. मग गेली समदी तरी चालतील.”

तो तुकडा कठड्यावर तसाच होता. एक कुत्रं वास काढत आलं, तुकड्यापाशी थांबलं, आणि तुकडा न खाता वळसा घालून पुढं गेलं. त्याला झुणका आवडत नसेल. मी स्वतःला तेच सांगितलं, आजही तेच सांगते.

दवाखान्याकडे परत जाताना मी माणसांची तोंडं बघत होते. प्रत्येक तोंडाच्या जागी धुरळा असेल तर हे गाव कसं दिसेल, हे मनातून जाईना. कपडे चालताहेत, हात हलताहेत, वरती कोणी नाही. महाद्वार रोडच्या त्या गर्दीत आप्पा मधूनच बाजूला होऊन कोणाला तरी वाट देत होते, आणि मी न विचारता त्यांच्यामागोमाग बाजूला होत होते. बाजूला झाल्यावर एकदा वाऱ्यासारखं काहीतरी दंडाला लागून गेलं. वारा असेलही. मला सांगता येणार नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज समजुतीचा. पडद्यावर आप्पांच्या डोळ्यांचे फोटो दाखवून म्हणाल्या, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, तो परत येणार नाही, कडेचं दिसतं ते जपू या. ऑपरेशन करून काही उपयोग नव्हता. मी ऐकत होते, पण मन दुसऱ्याच गोष्टीत होतं. सांगू का नको? आप्पांनी टेबलाखालून माझा पदर धरून ठेवला होता. सांगितलं तर त्यांना वेडं ठरवलं जाईल, न सांगितलं तर घरी देवरशी वाट बघतोय.

बाईंनीच पेन खाली ठेवलं. “आजोबा, एक विचारते, घाबरू नका. तिथं नसलेली माणसं दिसतात का तुम्हाला? गप्प असलेली, स्वच्छ दिसणारी?”

पदर सुटला. आप्पा खुर्चीत पुढं सरकले. “तुमाला कसं कळलं?”

“पुष्कळांना दिसतात. कोणी सांगत नाही.” मग त्यांनी समजावलं. डोळ्याकडून चित्रं येणं थांबलं की मेंदू रिकामा बसत नाही, आपलीच चित्रं काढत राहतो. हे वेड नाही आणि बाधाही नाही. औषध लागत नाही. बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात आपोआप कमी होतं. मला रडूच आलं, सुटल्याचं रडू. पुढं कोणी देवरशाचं नाव काढलं तर काय बोलायचं ते मला आता ठाऊक होतं.

आप्पा मात्र वेगळंच विचारत होते. “मंजे ही मेलेली माणसं न्हवंत?”

“नाही, आजोबा.”

“वळखीचं कोण येतंय काय कदी?”

बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. “सहसा नाही. अनोळखीच असतात.”

“बरं,” आप्पा म्हणाले. उठून त्यांनी बाईंना नमस्कार केला, आणि बाई बसल्या होत्या त्याच्या जरा बाजूलाच केला.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. उत्तूर आलं. तिथं म्हणाले, “आता उंबऱ्यावर भात ठेवत न्हाय मी. उगं उंदरं खातील.” मी गडहिंग्लजला उतरले. भाऊ स्टँडवर येऊन थांबला होता, तो त्यांना पुढं घेऊन गेला. त्याला मी सगळं नीट समजावून सांगितलं. बिचारा ऐकून घाबरला, पण देवरशाचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही.

बाईंनी सांगितलं तसंच झालं. आप्पा संध्याकाळी फोन करायचे आणि कोण कोण उरलं ते सांगायचे. पागोटीवाली माणसं दिसेनाशी झाली. विहिरीची रांग गेली. पोरं गेली. ती तांब्यावाली बाई मात्र बरेच दिवस होती. घरातलं कोणी गाव सोडून चाललं आहे अशा आवाजात ते सांगायचे. वळवाचे पाऊस सुरू झाले तेव्हा त्यांनी सांगितलं, आज कोण न्हाय. दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, बरं झालं. ते म्हणाले, व्हय, बरंच झालं की.

त्यानंतर महिनाभरानं एक फोन आला. भर सकाळी, दुकान उघडायच्या वेळी. आवाजात हसू होतं.

“काल आलतीस ते बोललीस न्हाईस गं? तशीच गेलीस.”

“मी? मी कुठं आले होते, आप्पा?”

“हे बघ, चेष्टा नगं. परड्यात उभी हुतीस, फणसाखाली. आन् तोंड दिसलं तुजं! समदं दिसलं. मी म्हटलं डोळं सुधारलं का काय.”

मी कात्री खाली ठेवली. महिनाभर मी गडहिंग्लज सोडलं नव्हतं. “कापड कसलं होतं अंगावर?”

“जांभळं लुगडं, पिवळ्या काठाचं. आन् एक सांग, हनुवटीवर गोंदून कवा घेतलंस? तीन ठिपकं. तुजं वय काय, गोंदतीस काय!”

माझी हनुवटी कोरी आहे. तीन ठिपके आईच्या होते. मी तिच्यावर गेले आहे असं सगळेच म्हणतात.

डॉक्टरीणबाई ‘सहसा’ म्हणाल्या होत्या, हे मला तेव्हा आठवलं. मेंदूनं चित्र काढलं असेल, नसेल, मला त्यातलं कळत नाही. मला फक्त भीती वाटत होती. सांगावं की नको? पण या माणसानं इतके महिने एकेक तोंड तपासलं होतं. त्याचा हक्क होता.

“आप्पा, ती मी नव्हे,” मी म्हटलं. “ती आई होती.”

मला वाटलं रेंज गेली. मग त्यांचा श्वास ऐकू आला.

“तरीच,” आप्पा म्हणाले. “तुला बघून मला एवढं रडू का आलं, म्हणून कालपास्नं इचार करालतो.”